प्रीऑर्डरच्या नावाखाली ६०,४६० रुपये गेले, फिगर गोळा करणाऱ्यांनी वाचाच

१४,८०० रुपये. मग ३१,०००. मग ९,१६०. मग ५,५००. एकूण ६०,४६०. सगळे यूपीआयनं, सगळे एकाच माणसाला, आणि माझ्या हातात आजपर्यंत एक डबासुद्धा आलेला नाही. वकिलानं सांगितलंय म्हणून त्याचं नाव लिहीत नाही, पण स्टार वॉर्सच्या सहा इंची फिगर (सिनेमातल्या पात्रांच्या छोट्या प्लास्टिकच्या प्रतिकृती) जे लोक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मागवतात त्यांनी खालची पद्धत वाचली की माणूस लगेच लक्षात येईल.

आधीच सांगतो, मी काल-परवा या नादाला लागलेला माणूस नाही. फनस्कूलचे जीआय जो (खेळण्यातले सैनिक) घेऊन वाढलेली आमची पिढी, एमआरएफ आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं मिळून १९८७ ला काढलेली ती कंपनी, आणि इथं बनलेल्या त्या फिगरला आज बाहेरच्या देशात लोक शोधत असतात हे मला कुणी सांगायला नको. स्टार वॉर्सच्या फिगर पहिल्यांदा काढणाऱ्या केनर कंपनीच्या मूळ पावणेचार इंची फिगर आणि हॅस्ब्रोच्या नंतरच्या फिगर मी पायावरचा शिक्का बघून ओळखतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशोब बघतो, रोज दुसऱ्यांची बिलं तपासतो. तरी मला फसवलं, कारण त्यानं लोभ दाखवून फसवलंच नाही, या धंद्याची जी खरी रीत आहे तिचाच वापर करून फसवलं. म्हणून तर एवढा संताप आहे.

रीत काय आहे ते गोळा करणाऱ्यांना माहितीच आहे. कंपनी दुकानदाराला सुटी फिगर देत नाही, केस म्हणजे आख्खा खोका देते, सहा इंचीची केस साधारण आठची, त्यात नायक दोन-तीनदा आणि ज्याच्यामागं सगळे लागलेत ते बाजूचं पात्र एकदाच. मग आठ जणांनी मिळून केस फोडायची, एकानं पैसे गोळा करायचे, ज्याला जो हवा त्यानं तो स्लॉट घ्यायचा. सोलापुरात हे मिळणारं दुकान नाही, नवी पेठ पालथी घातली तरी फार तर लहान मुलांचं आयटम मिळतं, त्यामुळं मध्ये कुणीतरी माणूस लागतोच. आणि पैसे आधी, माल नंतर, हे तर पहिल्यापासून चालत आलंय. १९७७ मध्ये केनरकडं नाताळपर्यंत फिगर तयार नव्हत्या तर त्यांनी पुठ्ठ्याचं पाकीट आणि आत ‘फिगर नंतर मिळतील’ असं सर्टिफिकेट विकलं, ल्यूक, लेया, च्यूबाका आणि आर-टू-डी-टू पोस्टानं आले १९७८ मध्ये. हॅसलॅब, म्हणजे हॅस्ब्रोची आधी पैसे गोळा करून मग माल बनवायची योजना, तिचं तर सगळंच त्यावर, २०१८ ला जब्बाची बार्ज हे स्टार वॉर्समधलं जहाज ४९९.९९ डॉलर, किमान ५,००० लोकांनी पैसे भरले तरच बनणार, २०२० ला रेझर क्रेस्ट हे दुसरं जहाज ३४९.९९ डॉलर, किमान ६,००० लोक, आणि हातात यायला वर्षाच्या वर. म्हणजे ज्याला हा नाद आहे त्याला वाट बघायची सवय कंपन्यांनीच लावलीय. चोराला अजून काय पाहिजे? सहा महिने माल नाही आला तरी कुणी विचारत नाही, विचारलं की ‘वेव्ह (कंपनीचा नवा लॉट) लेट झालीय’ म्हणायचं, आणि वेव्ह खरंच लेट होत असते!

हा माणूस बरोबर तेच म्हणायचा. मी एकदा म्हणलं लई दिवस झाले, तर केनरच्या त्या रिकाम्या पाकिटाचा किस्सा मलाच ऐकवला, ‘भाऊ, एवढी मोठी कंपनी कागद विकायची, आपण तर निदान फोटो पाठवतोय.’ गोड बोलणं, ‘भाऊ’शिवाय वाक्य नाही.

सुरुवात त्यानं नीट केली. २,६५० ची एक फिगर घेतली, चार दिवसात घरी. मग ४,९०० च्या दोन, त्याही आल्या, ओरिजनल, डब्यावरचा प्लास्टिकचा बबल घट्ट, टेप तशीच. हे लक्षात ठेवा, पहिला व्यवहार चोख झाला म्हणजे माणूस चोख आहे असं नाही, तो त्याचा खर्च असतो. मग केसमधले स्लॉट, १४,८००. मग म्हणाला अमेरिकेत चुलतभावाकडं एक रेझर क्रेस्ट सीलपॅक पडून आहे, ६२,००० ला देतो, अर्धे आधी. बाजारात जो भाव चाललाय त्याच्या जवळपासचाच भाव, फुकटात देतो असं म्हणाला असता तर मी तिथंच थांबलो असतो. दिले ३१,०००.

आता ती रात्र, जी डोक्यातून जात नाही. कारखान्यात शाळांच्या युनिफॉर्मच्या बिलांचं काम होतं, उशिरापर्यंत बसलो होतो, तेवढ्यात त्याचा मेसेज, माल मुंबईत आलाय, कस्टम भरायचीय. खाली व्यवस्थित तक्ता. केस स्लॉट १४,८००, जहाज ॲडव्हान्स ३१,०००, बेरीज ४५,८००, ड्युटी २० टक्के, ९,१६०. कॅल्क्युलेटर माझ्या हातातच होता, ठोकून बघितलं, ९,१६०, बरोबर, एक रुपयाचा फरक नाही. आणि भरले. बेरीज तपासली आणि दर तपासला नाही!

खेळण्यांवर २० टक्के ड्युटी फेब्रुवारी २०२० च्या आधी होती. मग ६० झाली, २०२३ ला ७०. हे काय मला माहीत नव्हतं? २०२३ च्या बजेटनंतर आम्हीच ग्रुपमध्ये रात्र रात्र रडलोय की ७० टक्क्यांनी आता मागवायचं कसं. ४५,८०० वर ७० टक्के म्हणजे ३२,०६०, वरून आयजीएसटी हा कर वेगळा. ज्यानं आयुष्यात एक केस जरी कस्टममधून खरंच सोडवून घेतलीय तो माणूस २० टक्के लिहिणारच नाही. तिथं त्याचं खोटं लख्ख उघडं पडलं होतं, माझ्यासमोर, मोबाइलच्या स्क्रीनवर, आणि मी उलट खुश झालो की चला कमीत सुटलं. पण मला सांगा, दिवसभर दोनशे बिलांचे आकडे बघितलेला माणूस रात्री साडेनऊला सरकारी दर कशाला आठवत बसेल, त्यात आधीचे दोन व्यवहार चोख झालेले, त्यात ग्रुपमधले जुने लोक ‘भाऊवर विश्वास ठेवा’ म्हणायलेत. दुसरा कुणीही असता तरी त्यानं भरले असते.

तेच बीआयएसचं, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा, विक्रीसाठी आख्खी केस सहजासहजी आत येत नाही. मी विचारलं होतं, न विचारता पैसे दिलेत असं नाही. तर म्हणाला, भाऊ हा नियम १४ वर्षांच्या आतल्या पोरांच्या खेळण्याला, आपलं कलेक्टर आयटम आहे, डब्यावरच लिहिलेलं असतं. नियम १४ च्या आतल्यांनाच आहे हे खरं, अर्धं खरं सांगायची त्याची हातोटी आहे. पण त्यानंच पाठवलेला २,६५० चा डबा माझ्या कपाटात आहे, काढून बघितला, खाली बारीक अक्षरात वय ४+ छापलंय. सहा इंचीचे डबे घरात असतील तर आत्ता उठून बघा.

५,५०० ‘गोडाऊन चार्ज’ म्हणून घेतले, ते डिसेंबरात. मग म्हणाला संक्रांतीपर्यंत नक्की. संक्रांतीची आमची गड्डा जत्रा भरली, उठली, माल नाही. मग कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर दिला. नंबर खरा, टाकला की ‘डिलिव्हर्ड’ दिसतं, पण पिनकोड भलत्याच गावाचा. कुरिअरच्या काउंटरवर गेलो तर आतला माणूस मान वर न करता म्हणाला की पाठवणाऱ्यानं तक्रार केली पाहिजे, घेणाऱ्याची आम्ही घेत नाही. पाठवणाराच चोर आहे हो! त्याला ते ऐकायचंच नव्हतं.

मग नीट बसून जुने फोटो मोठे करून बघितले. त्यानं पाठवलेल्या कार्टनच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात दुकानाचं किमतीचं स्टिकर आहे, अर्धं कापलं गेलंय, पण पौंडाचं चिन्ह स्वच्छ दिसतंय. चुलतभाऊ अमेरिकेत आणि स्टिकर पौंडात. फोटो दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीतून उचललेला. इमेज सर्च करा, प्रत्येक फोटो करा, आणि डब्यावर तुमचं नाव नि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागा. नाही म्हणाला की विषय संपला.

आता तक्रारीचं ऐका. सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोचपावतीचा नंबर आला. तो घेऊन शहरातल्याच एका पोलीस ठाण्यात गेलो. ड्युटीवरच्या हवालदारानं विचारलं काय घेतलं होतं. सांगितलं. ‘बाहुल्या? घरी पोरगी हाय का?’ मी म्हणलं माझ्यासाठी. तो दुसऱ्याकडं बघून हसला, आणि तिथं दाखल्याच्या कामाला आलेले दोघं-तिघं सगळे माझ्याकडं बघायला लागले. वय काय तुमचं, कुठं कामाला, घरात माहितीये का. चोराचं नाव, नंबर, खातं, हे विचारायला पाऊण तास. ६०,४६० रुपये सोन्याचे गेले असते, जनावरं घेताना गेले असते तर हसला असता का? पैसा तोच आहे ना, माझ्या पगारातला आहे. मग म्हणे हे सायबरचं, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणे रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातच द्या. परत आलो तर साहेब बंदोबस्ताला. खातं दुसऱ्या राज्यातलं आहे म्हणून ‘बघू’. एका मोठ्या साहेबांनी तर सरळ सांगितलं की हा दिवाणी वाद आहे, त्यानं माल देणार नाही असं कुठं म्हणलंय, उशीर होतोय एवढंच. म्हणजे चोरानं फक्त ‘उद्या देतो’ म्हणत राहायचं, तेवढ्यावर तो सुटला!

बँकेत वेगळाच प्रकार. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या पिन तुम्हीच टाकलाय, तुमच्या मर्जीनं गेलेत, हा आमच्याकडं फ्रॉड धरत नाहीत. लेखी द्या म्हणलं तर लेखी देत नाहीत. शेवटी मी अर्ज दिला आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठलो नाही. तुम्हीही उठू नका. तोंडी नकाराला काही किंमत नाही, कागदावर घ्या.

पैसे गेले कळल्या कळल्या सायबर हेल्पलाइनच्या १९३० या नंबरला फोन लावा, लाजेपायी चार दिवस घालवू नका, पैसे त्याच्या खात्यात असेपर्यंतच ते रोखता येतात. माझे दोन-तीन महिने त्या ‘वेव्ह लेट’मध्येच गेले, तोवर खातं रिकामं. ठाण्यात घेत नाहीत तर लेखी तक्रार पोस्टानं वरिष्ठांना पाठवता येते, शहर असेल तर पोलीस आयुक्तांच्या नावे, नव्या बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) च्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे, आणि हद्द आमची नाही हे कारण तर चालतच नाही, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. अर्जात बीएनएस (नवी दंडसंहिता) चं फसवणुकीचं कलम ३१८ आणि आयटी कायद्याचं ६६ डी लिहा, नुसतं ‘माझी फसवणूक झाली’ लिहिलं की फाईल खाली जाते. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडं फक्त एक मोबाइल नंबर आहे. पत्ता नसेल त्याला पैसे द्यायचे नाहीत, कितीही भाऊ भाऊ करू दे. शक्यतो क्रेडिट कार्डानं द्या, तिथं चार्जबॅक, म्हणजे बँकेकडून पैसे परत, तरी मागता येतो.

जुन्या मालाचंही सांगून ठेवतो, कारण हाच माणूस आमच्यातल्या एकाला रॉकेट उडवणारा बोबा फेट (स्टार वॉर्समधलं पात्र) ४०,००० ला देत होता. १९७९ चा तो बोबा फेट दुकानात कधी आलाच नाही, लहान मुलाच्या घशात रॉकेट अडकेल म्हणून कंपनीनं ते घट्ट चिकटवूनच पाठवलं, उडवणारे फक्त प्रोटोटाइप, म्हणजे कंपनीचे सुरुवातीचे नमुने आहेत आणि ते ४०,००० ला कुणी देत नसतं. प्लास्टिकच्या झग्याचा जावा या पात्राचंही तसंच, पहिले थोडेच आले, मग कापडी झगा केला, आता बेन केनोबी या दुसऱ्या फिगरचा झगा कापून लोक त्याला चढवतात. खालची कड बघा, कात्रीनं कापलेली कड वेगळी दिसते.

ग्रुपमध्ये मी हे टाकलं तर मलाच काढलं. ‘वातावरण खराब करू नका’ म्हणे. ज्यांचे स्लॉट अजून अडकलेत तेच त्याची बाजू घेतायत, कारण त्याला चोर म्हणलं तर आपलेही पैसे गेले हे मान्य करावं लागतं. त्यांचा राग नाही मला, पण थांबून काही मिळणार नाही त्यांना.

ज्यांनी ज्यांनी त्याला दिलेत त्यांनी चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून मेलवर ठेवा, त्यानं ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायला सुरुवात केलीय, माझ्याकडचे तीन मेसेज असेच उडाले. यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) नंबर, तारीख, रक्कम लिहून काढा आणि प्रत्येकानं आपापली वेगळी तक्रार करा, एकत्र अर्ज देऊ नका, एकत्र दिला की एकच तक्रार धरतात. खात्याच्या नंबरचे शेवटचे चार आकडे मला कळवा, माझ्याशी जुळले तर माझ्या तक्रारीचा पोचपावती नंबर देतो, तो तुमच्या अर्जात टाका.