‘क्लिनफन’मधली जोंकहीर चाचणी: क्रम जपणारं हत्यार
डोसबरोबर परिणाम वाढत जातो का, हे बघायला क्रुस्कल-वॉलिस (गटांमध्ये फरक आहे का एवढंच बघणारी चाचणी) लावली की गटांचा क्रम वायाच जातो. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या ‘क्लिनफन’ पॅकेजमधली जोंकहीर-तेरप्स्ट्रा चाचणी इथे चपखल बसते. गोची होते ती गटांच्या नावांत: लो, मिड, हाय असे नुसते शब्द दिले तर एरर येते; आणि ‘ऑर्डर्ड फॅक्टर’ (क्रम असलेले गट) करताना लेव्हल्सचा, म्हणजे गटांच्या नावांचा, क्रम सांगितला नाही, तर आर इंग्रजी वर्णानुक्रम लावतं, ‘हाय’ पहिला येतो आणि उत्तर साफ चुकतं. सरळ 0, 5, 10 असे आकडेच द्या. सारखी मूल्यं असली की पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) अंदाजे निघते. तेव्हा ‘एनपर्म’ला (डेटा किती वेळा उलटसुलट करून तपासायचा तो आकडा) 10000 द्या. डिफॉल्ट दुतर्फा आहे, म्हणजे वाढ आणि घट दोन्ही तपासली जातात, म्हणून दिशा डेटा बघण्याआधीच ठरवा. परिणाम किती मोठा हे ही चाचणी सांगत नाही, ही उणीव खरंच खटकते. मधल्या डोसनंतर परिणाम उतरत असेल तर मॅक-वुल्फ ही चढून उतरणारा परिणाम तपासणारी चाचणी घ्या.