बॅटरी पॅकचे एअर कूलिंग आणि ओपनफोम: एका ओळीची करामत

पंख्याने थंड होणारा बॅटरी पॅक आखणाऱ्या अभियंत्याला सिम्युलेशनकडून मोजक्याच प्रश्नांची उत्तरे हवी असतात: सर्वांत जास्त तापणारा सेल कोणता, तो किती तापेल आणि पंखा केवढा लागेल. हवा-पाण्याचा प्रवाह आणि उष्णता यांची समीकरणे सोडवणारे, सी++ मध्ये लिहिलेले आणि २००४ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत मिळणारे ओपनफोम हे सॉफ्टवेअर या तीन प्रश्नांना किती वेळात आणि किती विश्वासार्ह उत्तर देते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

उदाहरणादाखल ४८ व्होल्टचा पॅक घेऊ: एकसर १३ आणि समांतर ८, असे १८६५० आकाराचे (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर उंची) १०४ सेल, शेजारच्या दोन सेलमध्ये ४ मिलिमीटर फट, आणि १३ रांगांमधून सेकंदाला १० लिटर या दराने वाहणारी ४० अंशांची हवा. प्रत्येक सेलमधून ५ अँपिअर प्रवाह जातो आणि त्याचा आंतरिक रोध ४० मिलिओहम आहे असे धरले, तर सेलमागे १ वॅट, म्हणजे पॅकमध्ये १०४ वॅट उष्णता निर्माण होते. एवढी हवा ही उष्णता घेऊन बाहेर पडताना सुमारे ९ अंशांनी तापलेली असणार, हे कागदावरच निघते. शेवटच्या रांगेतील सेलचा पृष्ठभाग त्याहून आणखी तीन-चार अंश वर राहील, असा अंदाज नळ्यांच्या जुडग्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या झुकाउस्कास यांच्या सूत्रावरून बांधता येतो. सॉफ्टवेअरचे उत्तर या आकड्यांच्या आसपास आले नाही, तर रंगीत चित्र कितीही देखणे असले तरी ते बाजूला ठेवावे.

खरी अडचण वेळेची आहे. फटीतून हवा सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने जाते, आणि फटीत निदान आठ खाने बसावेत म्हणून मेशचा, म्हणजे गणितासाठी जागेवर टाकलेल्या जाळीचा, खाना अर्ध्या मिलिमीटरचा ठेवला, तर हवेने एका टाइम-स्टेपमध्ये (गणिताच्या एका कालपावलात) एकच खाना ओलांडावा या नियमाने टाइम-स्टेप ०.०००१ सेकंदाचा होतो. तासाभराच्या डिस्चार्जसाठी असे ३ कोटी ६० लाख टाइम-स्टेप सोडवावे लागतील, आणि हे साध्या वर्कस्टेशनच्या आवाक्यातले काम नाही. गंमत अशी की यातले बहुतेक श्रम वाया जातात, कारण हवा पॅकमधून साधारण दशांश सेकंदात बाहेर पडते, तर सेलचे तापमान बदलायला दोन-अडीच मिनिटे लागतात. सेल तापेपर्यंत हवेचा प्रवाह केव्हाच स्थिर झालेला असतो आणि सेलच्या तापण्याने त्याच्यात फारसा फरक पडत नाही.

ओपनफोमच्या दोन प्रमुख शाखांपैकी ओपनसीएफडी या कंपनीच्या आवृत्तीतील सीएचटीमल्टीरीजनफोम या सॉल्व्हरमध्ये (समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) याचा फायदा घेण्याची सोय आहे. आधी स्थिर प्रवाह एकदाच सोडवावा, मग हवेच्या भागासाठी सेटिंगच्या फाइलमध्ये ‘फ्रोजनफ्लो’ (गोठवलेला प्रवाह) ही एक ओळ चालू करावी. त्यानंतर सॉल्व्हर वेग आणि दाब यांना हात न लावता फक्त उष्णतेचे समीकरण पुढे नेतो. टाइम-स्टेप १ सेकंदाचा घेतला तर तासाला ३,६०० टाइम-स्टेप पुरतात. मात्र टाइम-स्टेप आपोआप लहान-मोठा करण्याची सोय त्याआधी बंद करावी लागते, कारण प्रवाह गोठवला तरी सॉल्व्हर हवेचा वेग मोजून टाइम-स्टेप पुन्हा बारीक करत राहतो. हवा आणि सेल यांची तापमाने आळीपाळीने सोडवली जात असल्यामुळे मोठ्या टाइम-स्टेपमध्ये बाहेरची आवर्तनेही, म्हणजे एकाच टाइम-स्टेपमध्ये दोन्ही पुन्हा पुन्हा सोडवण्याच्या फेऱ्या, वाढवावी लागतात, नाहीतर त्यांच्या सीमेवर उष्णतेचा हिशेब जुळत नाही.

गोठवलेल्या प्रवाहाचा दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. हवेचे आणि सेलचे गुणधर्म स्थिर धरले, तर सर्व तापमाने सेलमधील उष्णतेशी रेषीय नात्याने बांधली जातात, त्यामुळे एकेक सेल १ वॅटने तापवून इतरांचा प्रतिसाद नोंदवून ठेवला की पुढे कोणतेही ड्राइव्ह-सायकल (गाडी चालवताना वेळेनुसार बदलणारा भार) पायथॉनच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये काही क्षणांत चालवता येते. तापमानानुसार बदलणारा रोधही त्या प्रोग्रॅममध्ये सहज बसतो. पंख्याची गती बदलली की मात्र प्रवाह नव्याने सोडवून ही नोंद पुन्हा करावी लागते.

एवढ्या सोयीपर्यंत पोहोचण्याआधी नमनाला घडाभर तेल जाते. ओपनफोममधल्या स्नॅपीहेक्समेश या साधनाने १०४ सेलभोवती नीटनेटका मेश काढणे आणि स्प्लिटमेशरीजन्सने हवा व सेल वेगळे करणे ही कामे मजकुरी फाइलींमधून करायची असतात, आणि मूळ पॅकेजमध्ये खिडक्या-बटणांची सोय नाही. सेलमध्ये उभ्या दिशेने उष्णता चांगली वाहते आणि आडव्या दिशेने फारच कमी. हा फरक दिशानुरूप वाहकता देऊन मांडता येतो. सर्व सेल एकाच दिशेने उभे असतील तर हे सोपे आहे, पण त्याची पद्धत शोधायला मार्गदर्शिकेपेक्षा नमुना फाइलीच अधिक उपयोगी पडतात.

आणखी एक त्रुटी गंभीर आहे. पंखा बंद असेल किंवा अगदी मंद फिरत असेल, तर हवा सेलच्या उष्णतेनेच वर चढते आणि प्रवाह गोठवण्याला अर्थ उरत नाही, तरीही सॉफ्टवेअर कोणतीही सूचना न देता उत्तर काढून देते. आपल्याकडील बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरचे पॅक पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून सीलबंद असतात, त्यांनाही ही पद्धत लागू नाही. टोयोटाच्या प्रियससारख्या गाडीत, जिथे पंखा प्रवाशांच्या कक्षातली हवा बॅटरीवर सोडतो, तिथे ती चपखल बसते.

डाउनलोड करताना शाखा पाहून घ्यावी. ओपनफोम फाउंडेशनने २०२३ मधील ११ व्या आवृत्तीपासून सॉल्व्हरची रचना बदलली असून तिथे हे काम फोममल्टीरन या कमांडने होते, त्यामुळे एका शाखेची सेटिंग दुसरीत जशीच्या तशी चालत नाही. वर सांगितलेली ओळ वापरायची असेल, तर जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा निघणारी ओपनसीएफडीची आवृत्ती घ्यावी.