एका ओळीला एक गळा, की कॉयर? ओकेगेम-जोस्कँ ऐकायला बसताना

पंधराव्या शतकातलं चर्चगायन ऐकायचं ठरवलं की सगळे विचारतात, सुरुवात कुणापासून करू? द्युफे, ओकेगेम की जोस्कँ, त्या काळच्या या तीन रचनाकारांपैकी कोण? मला वाटतं, त्याआधी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. ध्वनिमुद्रण कोणत्या पद्धतीचं घ्यायचं? या संगीतात एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गायल्या जातात, त्या प्रत्येकीला मी इथे ओळ म्हणतोय. एका पद्धतीत चार ओळींच्या रचनेला चारच गायक असतात, बहुधा सगळे पुरुष. हिलियर्ड एन्सेम्बल या गायकसंचाने (१९७४ ते २०१४) ही वाट बरीच रुळवली. दुसऱ्या पद्धतीत छोटा कॉयर, म्हणजे गायकवृंद, असतो, ओळीला दोन किंवा जास्त आवाज आणि वरच्या ओळीला स्त्रिया. १९७३ मध्ये सुरू झालेला टॅलिस स्कॉलर्स हा संच साधारण याच रीतीने गातो. दोन्हीकडे गाणारे पट्टीचे आहेत. मी दोन्ही पद्धती अनेक वर्षं ऐकत आलोय.

सुरुवात मीही कॉयरनेच केली होती. संध्याकाळी दिवे मंद करून जोस्कँची एखादी मास (चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठीची गायनरचना) लावली की दगडी चर्चचा घुमारा खोलीभर पसरतो. सूर सुटल्यावरही हवेत थोडा वेळ राहतो. मन शांत करायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

अडलं ते ‘निंफ दे ब्वा’पाशी. ओकेगेम १४९७ मध्ये गेला तेव्हा जोस्कँने केलेली ही शोकरचना. कविता मोलिने या कवीची, फ्रेंच. पाच ओळींपैकी चार ओळी फ्रेंचमध्ये विलाप करतात, आणि पाचवी, टेनरची (मधल्या पट्टीतल्या पुरुषी आवाजाची), लॅटिनमध्ये ‘रेक्विएम एतेर्नाम’ गाते, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेतली जुनी चाल, संथ आणि लांब सुरांत. भोवती चौघं रडतायत आणि मधोमध एक जण प्रार्थना म्हणतोय. रचनेचा सगळा जीव त्या एका माणसात आहे.

आणि मला तोच ऐकू येत नव्हता. माझ्याकडच्या कॉयरच्या मुद्रणात वरचे सोप्रानो लखलखीत होते, खाली बासही भक्कम होता, पण टेनर मधल्या घुमाऱ्यात विरघळून गेला होता. रात्री हेडफोन लावून, बोटाने टेबलावर त्या चालीचे सूर मोजत मी तीन-चारदा ऐकलं. चाल पाठ असूनही पाचव्या-सहाव्या सुराला हातातून निसटायची. यात कॉयरचा दोष किती आणि माझ्या कानाचा किती, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. आपण एकल गाण्यावर वाढलेले. कान आपोआप सगळ्यात वरच्या सुरामागे जातो, तीच बंदिश समजून. त्या काळच्या बऱ्याच रचनांचा कणा मात्र टेनरमध्ये असतो. ‘टेनर’ या शब्दाचं मूळच ‘धरून ठेवणं’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. वरचा आवाज जितका उजळ, तितका आपल्यासारख्यांचा कान चुकतो.

मग तीच रचना पाच गायकांची लावली. सुरुवातीलाच टेनर सापडला, कारण त्याच्या आवाजाची जवारी वेगळी होती. तो श्वास कुठे घेतो हेही कळत होतं. त्या रात्री मी ती लागोपाठ तीनदा ऐकली.

ओकेगेमच्या ‘मिसा प्रोलात्सिओनुम’ या मासचंही असंच. इथे कागदावर दोनच ओळी लिहिलेल्या असतात. प्रत्येक ओळ दोघं वाचतात, पण वेगवेगळ्या कालमापाने, त्यामुळे एक पुढे सरकत जातो आणि दुसरा मागे रेंगाळतो. पहिल्या किरिएत, म्हणजे मासच्या सुरुवातीच्या भागात, तर ही जोडी एकाच स्वरपातळीवर आहे. गळे वेगळे ओळखू आले नाहीत, तर दोघांमधलं अंतर कसं वाढत जातं हे कळणारच नाही. एकजीव आवाज हे कॉयरचं मोठं बळ, पण इथे तेच आड येतं असं मला वाटतं.

चार गळ्यांचे तोटेही आहेत. लांब सुरावटीत एकट्याचा दम पुरावा लागतो, तर कॉयरमध्ये आळीपाळीने श्वास घेता येतो. शिवाय मुद्रण कोरड्या जागेत झालं असेल तर तासाभराने कान थकतो.

जुन्या काळी काय होतं, याचा आधार घेऊन निकाल देणं अवघड आहे. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. द्युफेने १४७४ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की आपल्या अखेरच्या क्षणी आपलीच ‘आवे रेजिना चेलोरुम’ ही रचना गावी. त्यासाठी चर्चमधली गाणारी मुलं, त्यांचे गुरुजी आणि दोन साथीदार असावेत. म्हणजे मुलं घोळक्याने आणि मोठी माणसं मोजकी. त्याच रचनेत त्याने स्वतःचं नाव घालून दयेची याचना केली आहे. प्रत्यक्षात शेवटच्या घटकेला गायकांना जमवायला वेळ मिळाला नाही, आणि रचना अंत्यविधीत गायली गेली.

जोस्कँच्या ‘पांजे लिंग्वा’ मासला मात्र मी आजही कॉयरच लावतो. इथे मूळ स्तोत्राची चाल एका टेनरकडे अडकून पडलेली नाही, चारही आवाज ती एकमेकांकडे सोपवत जातात. शेवटच्या आन्यूस देईत, म्हणजे मासच्या अखेरच्या भागात, ती वरच्या आवाजात लांब सुरांनी उमटते, तेव्हा दोन-तीन सोप्रानोंची झळाळी हवीच.

तुम्हाला फक्त वातावरण हवं असेल तर कॉयर घ्या, पस्तावणार नाही. रचना आतून उलगडून बघायची असेल, तर माझं मत एका ओळीला एक गळा याच बाजूला झुकतं. ‘निंफ दे ब्वा’ आधी पाच गायकांची ऐका, टेनर नीट ओळखीचा होऊ द्या, आणि मग कॉयरची लावा. आता मला कॉयरमध्येही तो ऐकू येतो.