कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या: नव्या एसएमपीएसचे नऊ महिने

शिगमा संपला त्या आठवड्यात हा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बसवला. आता डिसेंबर, जत्रांचे दिवस. मधला अख्खा पावसाळा आणि चवथ (गणेशचतुर्थी) त्याने काढली, तेव्हा त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

मी फोंड्याजवळ राहतो. जत्रेतली नाटकं, लग्नं, मुंजी यांचं चित्रीकरण एडिट करून देतो. मशीन रायझन 5 5600 प्रोसेसरचं, त्यात जीटी 1030 हे छोटं ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटबरोबरच आलेला '500 वॅट'चा एसएमपीएस. दोन वर्षं कुरकुर नव्हती. मग सेकंडहँड आरटीएक्स 3060 हे मोठं कार्ड मिळालं आणि तिथून रडगाणं सुरू झालं. टाइमलाइनवर काम ठीक चालायचं, पण एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं, सुरू केला की दोन-तीन मिनिटांत पडदा काळा, मशीन बंद. आधी कार्डवर संशय घेतला, मग विंडोज नव्याने टाकलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "पाचशे वॅटचा आहे ना? मग पुरतो की."

शेवटी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं लेबल वाचलं. ते पहिल्याच दिवशी वाचायला हवं होतं. 12 व्होल्टच्या लाइनला 16 अँपिअर. गुणाकार करा: 192 वॅट. बाकीचे वॅट 3.3 आणि 5 व्होल्टच्या खात्यात दाखवलेले, ज्यांचं आजच्या मशीनला फारसं काम नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही 12 व्होल्टवरच जगतात आणि एकटं 3060 च 170 वॅटचं आहे. खोक्यावरचा मोठा आकडा म्हणजे जत्रेतल्या दुकानाची पाटी. माल आत बघायचा. त्यातून या एसएमपीएसला कार्डसाठी 8 पिनची वायर नव्हतीच. दुकानातल्या पोराने दोन मोलेक्स (जुन्या पद्धतीचे चार पिनचे कनेक्टर) जोडून कन्व्हर्टर लावून दिला होता. तो काढला तेव्हा त्याचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. 8 पिनच्या जोडणीतून 150 वॅटपर्यंत ओढलं जाऊ शकतं, म्हणजे साडेबारा अँपिअर. घरात आग लागली नाही हे नशीब.

नवा घेताना हिशेब असा केला: कार्ड 170, प्रोसेसर पूर्ण जोरात साधारण 80, बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी आणि दोन हार्डडिस्क मिळून 60 ते 70. म्हणजे सव्वातीनशेच्या आत. पण कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं, म्हणून 550 वॅटचा, 80 प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं मानांकन), 12 व्होल्टला 45 अँपिअर असलेला घेतला. साडेचार हजार गेले. 750 चा घे म्हणणारे भेटले, मला गरज वाटली नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

बसवला आणि पहिल्याच संध्याकाळी कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या. जुन्याने असं कधी केलं नव्हतं, त्यामुळे हाच बिघडलेला म्हणून परत द्यायला निघालो होतो. त्याआधी वायरमनला बोलावलं. त्याने फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब धरला, तो पेटलाच नाही. "हांगा अर्थिंगच ना मरे!" तीन पिनचा सॉकेट भिंतीत होता, तिसऱ्या भोकामागे वायर कुठेच जोडलेली नव्हती.

नंतर उलगडा झाला तो असा. चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर लाइनच्या निम्मं व्होल्टेज चढतं, करंट अगदी थोडा पण हाताला जाणवणारा. स्वस्त मालात हा फिल्टर बहुधा गाळतात, म्हणून जुना 'शांत' होता. वायरमनने मागच्या अंगणात मीठ-कोळशाचा खड्डा करून पट्टी टाकली, सॉकेटपर्यंत वायर आणली. झिणझिण्या गेल्या. आमची जमीन जांभ्याची, मे महिन्यात ठणठणीत कोरडी. तेव्हा आई तुळशीला घालते तसं त्या खड्ड्यातही तांब्याभर पाणी ओतते.

पावसाळ्यात वीज दिवसातून चार-चार वेळा डोळे मिचकावायची. एसएमपीएस क्षणार्धाचं जाणं स्वतःच पचवतो, त्यापुढे यूपीएस. माझा जुना 600 व्हीएचा, म्हणजे खरे 360 वॅट. एक्स्पोर्ट चालू असताना प्लग मीटर 260 दाखवतो, भाचा गेम खेळत बसला की 300. कागदावर पुरायला हवा होता, पण थकलेल्या बॅटरीने दोनदा दगा दिला. मग 1100 व्हीएचा घेतला. बॅटरीवर गेला की एसएमपीएसमधून बारीक गुणगुण ऐकू येते. यूपीएसचा करंट पायऱ्यापायऱ्यांचा असतो, त्याची ती. त्रास काही नाही. चवथीच्या रात्री गावभर रोषणाई, आमच्याकडे व्होल्टेज 190 च्या आसपास. ट्यूबलाइट लुकलुकत होती, मशीन मात्र निवांत.

तक्रारी आहेत. वायरी काढता येत नाहीत, नको असलेल्यांचा गुंता कॅबिनेटच्या तळाशी कोंबलाय. प्रोसेसरची वायर बोर्डाच्या मागून नेताना जेमतेम पोचली, चार बोटं लांब असती तर बरं झालं असतं. तासाभराच्या एक्स्पोर्टला पंखा ऐकू येतो. नाटकाचा आवाज दुरुस्त करताना तो नडतो. पंख्याचं तोंड खाली असल्यामुळे धूळ आणि पावसाळ्यातल्या लादीचा दमटपणा थेट आत जातो, म्हणून कॅबिनेट जुन्या पाटावर ठेवलंय आणि महिन्याकाठी जाळी काढून झटकतो. एसएमपीएस स्वतः मात्र उघडत नाही. बंद केल्यावरही आत तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ साठून राहतात.

नऊ महिन्यांत एक्स्पोर्टच्या मध्येच मशीन एकदाही बंद पडलं नाही. जुना एसएमपीएस माळ्यावर आहे. शेजारच्या मुलाने मागितला होता, दिला नाही.