मोहाची जाळी दाखवली, वजनकाटा राहिला

ब्राझीलमधल्या ॲमेझॉनच्या जंगलातून आदिवासी प्रतिनिधी उपजीविकेचा अभ्यास करायला येणार असेल, तर नाशिकहून निघणारा पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांचा हा तीन दिवसांचा दौरा घ्यावा का? घ्यावा, पण आयोजकांची कार्यक्रमपत्रिका जशीच्या तशी मान्य करू नये.

पहिली चूक विमानतळावरच होते. पाहुण्याला पाठवलेल्या यादीत टोपी, टॉर्च, ओडोमॉस सगळं आहे, पण पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नाही. ब्राझीलहून येणाऱ्याला तो लागतोच, आणि लस इथे उतरण्याच्या किमान 10 दिवस आधी टोचलेली हवी. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण, म्हणजे दौरा आटोपलाच. भेट म्हणून बियाणं आणू नका, हेही आधीच कळवा. आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर ते अडकतं.

मोहाचा भाग मात्र अव्वल. फूल पहाटे गळतं, आणि वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची जुनी सवय आहे. वणवे त्यातूनही लागतात, वर फुलाला राख-माती चिकटते ती वेगळीच. इथे फांद्यांखाली कमरेएवढ्या उंचीवर, चार खुंटांना ताणलेली जाळी दाखवतात. मधोमध थोडा झोळ ठेवलेला, म्हणजे फुलं एका जागी जमतात. मग पातळ थर देऊन तीन-चार दिवस ऊन. कुठे बिघडतं तेही लपवत नाहीत: अर्धवट वाळलेलं फूल गोणीत भरलं की आतून तापतं, गोळे होतात, आंबूस वास सुटतो. मूठभर फुलं दाबून सोडायची. सुटी झाली तर गोणीत, चिकटली तर परत उन्हात. ॲमेझॉनमध्ये ब्राझील नट, म्हणजे जंगली झाडाच्या खाण्याच्या बिया, गोळा करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्यांचं फळ ऐन पावसाळ्यात पडतं, दोन किलोपर्यंत वजनाचं, आत 10 ते 25 बिया. ओल राहिली की बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं आणि माल परत येतो.

कडूकंद, म्हणजे कच्चा खाल्ला तर बाधणारा रानकंद, घाईत उरकलाय. काप करून राखेच्या पाण्यात उकळतात, पुढे रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. यातलं फक्त उकळणं दिसतं, ओहोळात ठेवणं तोंडीच सांगतात. खरं तर पाहुण्याला बोलतं करणारी जागा हीच. कसावा नावाचा विषारी कंद किसून 'तिपिती' नावाच्या विणलेल्या लांब नळीत पिळायचा आणि भाजायचा, हे त्यांच्याकडे रोजचं काम.

बोलण्याचा वेळ तर अगदीच तोकडा. कोकणा आदिवासींच्या बोलीतून मराठी, मराठीतून इंग्रजी, इंग्रजीतून पोर्तुगीज. प्रत्येक वाक्य चारदा बोललं जातं, म्हणजे तासाभरात पंधरा मिनिटांचं बोलणं. दिवसाला दोन गावं ठेवली आहेत, ती एकावर आणा.

मोठी तक्रार पुढेच आहे. वाळलेलं फूल कोण विकत घेतं, काटा कोणाचा, पावसाळ्यात उचललेली खावटी, म्हणजे पोटापुरतं कर्ज, कशातून फिटते, यावर अख्ख्या दौऱ्यात एक अक्षर नाही. ॲमेझॉनमध्ये व्यापारी हंगामाआधी उधारीवर माल देतो आणि वसुली नटांत करतो. 'अविआमेन्तो' म्हणतात त्याला. जमिनीच्या हक्कांवरही दौरा गप्पच. तिकडे आदिवासींचा जमिनीवरचा हक्क मानणारं 1988 च्या राज्यघटनेतलं कलम 231, इकडे 2006 चा वनहक्क कायदा. वनजमिनीच्या पट्ट्यांची मागणी घेऊन मार्च 2018 मध्ये लाँग मार्च निघाला तो याच नाशिकमधून! आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्याला नेतात कुठे, तर वाइनरीत. वनोपज खरेदी करणाऱ्या आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालय नाशिक शहरातच आहे. ती दुपार तिथे मागून घ्या, आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या एखाद्या गावच्या ग्रामसभेत एक संध्याकाळ.

जेवण उत्तम: नागलीची भाकरी, उडदाचं भुजिंग, लाल मिरचीचा ठेचा. तिखट आधीच कमी सांगा.

बुकिंग मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातलंच घ्या, नंतर जाळी रिकामी दिसेल. पेठ 55 किलोमीटरच्या आसपास, पण वाटेत सावळघाट आणि कोटंबीचा घाट. नाशिकहून सकाळी निघालं तर फूल वेचून झालेलं असतं. आदल्या रात्रीचा मुक्काम पेठलाच ठेवायला लावा.