पीएस५ स्लिम: डिस्कवाला घ्या, नाहीतर सरळ पीसी

मी अकाउंट्सची माणूस. घरात पाच आकडी वस्तू यायची असली की आधी माझ्या वहीत तिचं पान पडतं. मुलांना गेम खेळायला 'पीसी घ्यायचा की पीएस५', म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल, हा आमच्या ऐरोलीच्या घरातला वादही त्याच पानावर मिटला. आता पीएस५ बऱ्यापैकी वापरून झालाय, तेव्हा हिशेबासकट लिहिते.

पीसीचं कोटेशन ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुकानातून आणलं होतं. रायझन ५ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), कॅबिनेट मिळून पाऊण लाखाच्या पुढे. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस वेगळे. विंडोजचा तर त्यात आकडाच नाही! विचारलं तर, "ते आम्ही टाकून देतो हो मॅडम." म्हणजे काय ते कळलं. लायसनचे पैसे मी पेनने खाली लिहून घेतले.

उलट पीएस५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल, म्हणजे डिस्कची खाच नसलेला, गेम फक्त डाउनलोड करायचे तो, ४४,९९०. आम्ही सवलतीत घेतला, पाचेक हजार वाचले. टीव्ही घरात होताच. चिरंजीवांना कॉलेजसाठी लॅपटॉपही आधीच घेऊन दिलेला. दुसरा कंट्रोलर मात्र लागतोच, नाहीतर बहीणभावांची जुंपते. तो सहा हजारांच्या घरात जातो, हे आधीच धरून चाला.

इथपर्यंत पीएस५ स्वस्त. पण खरा खर्च यानंतर सुरू होतो. सोनीचे मोठे गेम नवे आले की पाच हजारांच्या घरात. स्पायडर-मॅन २ आला तेव्हा ४,९९९ ला होता. पीसीवाले स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या उन्हाळी नि हिवाळी सेलची वाट बघतात आणि जुने गेम किरकोळीत उचलतात. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात तर अधूनमधून फुकटही मिळतात. शिवाय विकत घेतलेला गेम पीएस५वर ऑनलाइन चारचौघांत खेळायचा तर पीएस प्लसची वर्गणी भरावी लागते, वर्षाला काही हजार. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना ती लागत नाही. पीसीवर असा टोल नाही.

म्हणून चार पैसे वाचवायला डिजिटल मॉडेल घेऊ नका. त्यात घेतलेला गेम तुमच्या खात्यात कायमचा अडकतो, आवडो न आवडो. डिस्क विकता येते. आमच्याकडे पहिला गेम तेवढा नवा आला, बाकी सगळं सेकंडहँड. मुलगा ऑनलाइन गिऱ्हाईक शोधतो आणि ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलावर देवघेव होते. एकदा मीही सोबत होते. समोरचा पोरगा माझ्या मुलापेक्षाही लहान, पाठीला क्लासची बॅग. त्याने डिस्क बोटांनी कडांवर धरली, उन्हात तिरकी फिरवली, चरे बघितले, खोक्याच्या आत फुंकर मारली आणि मगच यूपीआय केलं. मी ऑफिसात बिलं इतकी निरखून तपासत नाही. २,८०० ला घेतलेली डिस्क खेळून झाल्यावर २,४०० ला गेली, म्हणजे त्या गेमचा आम्हाला खर्च पडला ४०० रुपये. स्टीमच्या सेलला टक्कर देणारं एवढं एकच हत्यार पीएस५कडे आहे, आणि डिजिटलवाले ते घरी येण्याआधीच टाकून देतात.

बाकी तक्रार फारशी नाही. आवाज करत नाही. दोन-चार मोठे गेम टाकले की १ टीबी भरत येतं. टीव्हीवरून भांडणं होतात. आमच्या ह्यांच्या बातम्यांच्या वेळेलाच नेमकी मॅच रंगात आलेली असते. त्याचा आकडा काही मला वहीत मांडता आला नाही.

तुमची मुलं फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणारी असतील तर मात्र यातलं काही लागू नाही. दोन्ही फुकट, आणि काउंटर-स्ट्राइक २ पीएस५वर येतच नाही. त्याला पीसीच हवा. ज्या घरात अभ्यासाला किंवा कामाला डेस्कटॉप घ्यायचाच आहे, त्यांनीही अख्ख्या पीसीची किंमत पीएस५समोर ठेवू नये. गेमिंगच्या खात्यावर फक्त ग्राफिक कार्ड नि जरा दमदार एसएमपीएस टाकायचा. आमच्या लेकीला आर्किटेक्चरला जायचंय. तेव्हा मशीन लागेलच, आणि पुढचं कोटेशन मी असंच दोन रकान्यांत मागणार आहे, विंडोजच्या पक्क्या बिलासकट.