डासांसाठी निलगिरी तेल: साधं का लेमनवालं?
नागपुरात कूलर लागले की टाकीतल्या पाण्यात डास आलेच, मग जो तो सांगतो निलगिरी तेल लावा, पण कोणतं ते कोणी सांगत नाही न भाऊ. साधं म्हणजे सिनिओल हा मुख्य घटक असलेलं, औषधी प्रतीच्या तेलात ते साधारण 70 टक्क्यांच्या वर, सर्दीत वाफ घ्यायला मस्त, पण डासांवर असर लवकर उतरतो. लेमनवालं म्हणजे सिट्रिओडोरा जातीच्या निलगिरीचं, पान चोळलं की लिंबाचा वास, त्यात सिट्रोनेलल नावाचा घटक, त्यापासून पीएमडी हे डास पळवणारं रसायन बनतं आणि तेच अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सुचवते. त्यामुळे डासांसाठी मी पीएमडीवालंच घेईन, नुसतं सुगंधी लेमन तेल नाही, लेबल वाचा. 3 वर्षांखालच्या लेकरांना मात्र लावू नका.